पोरिकाची चाल

बा, तुला वाचता येत होतं ते मराठीच, म्हणून मराठीत लिहिते आहे. गोंडी आपण घरात बोललो, गावच्या मराठीत मिसळून, तेलुगु मी शाळेत शिकले, पण अक्षर म्हटलं की तुझ्यासाठी ते गावातल्या जुन्या मराठी शाळेत गिरवलेलं, चौथीपर्यंतचं. तू जाऊन बरीच वर्षं झाली. इतक्या वर्षांत तुला काही कळवायचं राहिलंय असं मला वाटलं नव्हतं. तू फार बोलणारा नव्हतास, मीही नाही, आणि खरं सांगायचं तर आपलं एकमेकांवाचून विशेष अडत नव्हतं. पण यंदाच्या दिवाळीत एक गोष्ट झाली, आणि तेव्हापासून मला तुझ्याकडून एक वस्तू हवी आहे. ती तुझ्याशिवाय कोणाकडे नाही. हे पत्र टाकायला पेटी नाही हे मला कळतं. तरी लिहिते.

मी काय करते ते आधी सांगते, कारण तू गेलास तेव्हा मी हैदराबादला चित्रकलेच्या कॉलेजात होते आणि तू लोकांना सांगायचास की पोरगी बोर्ड रंगवायला शिकून राह्यली. आता मी व्हिडिओ बनवते. सिनेमा नव्हे, त्यात गाणी नसतात, हाणामारी नसते, तिकीट नसतं. मोठ्या पांढऱ्या खोलीत भिंतीवर तो लावतात, लोक उभ्याउभ्या पाहतात, काहीजण चहाचा कप घेऊन मध्येच निघूनही जातात. त्यातल्या एका व्हिडिओत तू आहेस. म्हणजे तू नाहीस, तुझं सोंग आहे आणि ते मी घेतलं आहे. तुला ते आवडलं असतं की तू तोंड फिरवून बिडी पेटवली असतीस, हे मला कधीच ठरवता आलं नाही. व्हिडिओ गाजला तरी ही एक गोष्ट तेवढी आत टोचत राहिली.

हैदराबादच्या लोकांना दरवेळी पहिल्यापासून समजावून सांगावं लागतं. दिवाळीत आमची दंडारी निघते, मी म्हणते, नाचणारे सगळे पुरुष. ज्या गावांशी आमच्या सोयरिकी होतात त्या गावांना जायचं, नाचायचं, तिथल्या लोकांची थट्टा करायची आणि त्यांनी केलेली थट्टा सोसायची, रागवायचं नाही. मोरपिसांचा भलामोठा टोप घालून, अंगाला राख फासून उड्या मारतो तो गुसाडी. लुगडं नेसून बाई होऊन नाचतो तो पोरिक. माझा बाप पोरिक होता. एवढं म्हटलं की समोरच्यांचे डोळे चमकतात. गुसाडी त्यांना ओळखीचा असतो, कारण कुठलाही मंत्री आला की त्याच्या डोक्यावर तो टोप ठेवून फोटो काढतात. पोरिकाच्या वाट्याला फोटो येत नाही.

व्हिडिओची कल्पना आज्याची. तूच सांगायचास ती गोष्ट: निजामाच्या राज्यात एक गोरा साहेब घोड्यावर बसून आला, चिमट्यासारखं काहीतरी काढलं, गावातल्या सगळ्यांची नाकं मोजली आणि लिहून घेऊन गेला. आजा मरेपर्यंत म्हणायचा, माझं नाक त्यानं नेलं, हे उरलंय ते दुसऱ्याचं आहे. माझ्या व्हिडिओत तो साहेब मीच. टोपलीवर पांढरं कापड ताणून हॅट केली, शेळीच्या केसांच्या मिश्या लावल्या, आणि मोजायला आपल्या घरातला भाकरीचा चिमटा. साहेब गावात येतो आणि म्हणतो, मला अस्सल आदिवासी बाई दाखवा. त्याच्यासमोर येतो पोरिक. तोही मीच, मायचं हिरवं लुगडं नेसून. साहेब पोरिकाचं नाक मोजतो. पोरिक चिमटा हिसकावून साहेबाचं मोजायला जातो तर ते चिमट्यात मावत नाही. साहेबाला फोटोसाठी मोरपिसांचा टोप हवा असतो; पोरिक त्याच्या डोक्यावर अंगण झाडायचा खराटा बांधून देतो. पुढे तोच साहेब गोरेपणा धुऊन, खिशाला पेन लावून परत येतो आणि म्हणतो, स्टेजवर हे असलं चालणार नाही, खऱ्या मुली आणा.

हा दुसरा साहेब मी मनानं रचलेला नाही. मी पाचवीत होते. आदिलाबादला सरकारी कार्यक्रम होता, आपल्या दंडारीला बोलावणं आलं होतं, आणि आदल्या आठवड्यात एक अधिकारी गावात येऊन नाच पाहून गेला. तुझ्याकडे बोट दाखवून तो आपल्या गावप्रमुखाला, पटेलला, म्हणाला, "ये आदमी को साड़ी में मत लाओ, अच्छा नहीं दिखता. असली लड़कियाँ नहीं हैं क्या?" एरवी कोणाच्याही थट्टेला सवाई उत्तर देणारी आपली टोळी ढोल उतरवायला लागली. पटेल हो म्हणाला. मग गावातल्या मुली निवडल्या, त्यात मी.

शिकवलंस तूच. तू रांधायचास त्या आश्रमशाळेच्या स्वयंपाकघरात, दुपारची पंगत उठल्यावर. वरणाची पातेली पालथी घातलेली आहेत, फरशी ओली आहे, तांदळाच्या पोत्यांवर मांजर झोपलं आहे. मी चालून दाखवते आहे, कंबर हलवत, मान वेळावत, पडद्यावरच्या बाया चालतात तशी. तू चुलीपाशी उकिडवा बसून पाहतो आहेस.

"कोनाची चाल हाय हे?"

"बाईची."

"कोन्त्या बाईची?"

"अशीच. बाई."

तू झारा पातेल्यावर आपटलास. "असी बाई कुठीच नसते. उगी कंबर तोडू नको." मग उठलास, खांद्यावरचा पंचा डोक्यावर घेतलास आणि चुलीपासून पोत्यांपर्यंत चालत गेलास. घाईनं, पण पावलं लहान. डावा हात पदरावर, आणि पोत्यांपाशी वळताना मान नाही, आधी खांदा वळला. मी तेवढंच पाठ केलं. स्टेजवर त्याचा काही उपयोग झाला नाही, कारण तिथे आम्हाला फक्त टिपऱ्या घेऊन गोल फिरायचं होतं. तू मागे ढोलवाल्यांजवळ शर्ट-पँट घालून उभा होतास. त्यानंतर तू कधी लुगडं नेसला नाहीस. लाजेनं सोडलंस की रागानं, हे मी तुला विचारलं नाही. व्हिडिओ बनवताना मी आपलं ठरवून टाकलं की रागानं, कारण व्हिडिओला ते बरं होतं.

शहरात पहिल्यांदा तो दाखवला तेव्हा एक बाई माझा हात हातात घेऊन म्हणाली, तुमच्या वडिलांनी पुरुषपणाची चौकटच मोडली. मी मान हलवली. शाळाभर पोरांना रांधून घातल्यावर घरी तू चुलीकडे पाहतही नव्हतास, मायनं ताट वाढायला उशीर केला तर ते पायानं सरकवायचास, हे त्या बाईला कशाला सांगायचं. पुढे त्या व्हिडिओला परदेशातून बोलावणी आली. मी विमानात बसले. तिकडे एका खोलीत आपल्या घरातला चिमटा काचेच्या पेटीत ठेवला होता, तेव्हा मला आजा आठवून हसू आलं आणि कोणाला कारण सांगता येईना.

यंदा वाटलं, आपल्या लोकांना दाखवावं. दंडारी मायच्या माहेरी निघाली होती, जैनथकडच्या त्या नदीकाठच्या गावाला. पटेलला विचारलं. तो म्हणाला, "मशीन आन. पन तू नाचू नको." टोळी आता पायी जात नाही, छोट्या टेम्पोतून जाते, त्यामागे ऑटोत मी, शाळेतून मागून आणलेला प्रोजेक्टर आणि एक डबल चादर. माय आली नाही. गेल्या वर्षी न्हाणीत पडून तिचं मांडीचं हाड मोडलं, आत सळई घातली आहे, आता ती वॉकर धरून चालते. तिच्या बहीणभावांतला आता फक्त मामा आहे, त्याला नीट दिसत नाही. पण मामी खणखणीत आहे. दिवेलागणीला मामाच्या ओट्यासमोर चादर बांधली, आणि पहिल्या रांगेत खाटेवर मामी बसली.

साहेबावर लोक जे हसले ते हैदराबादेत कोणी हसलं नव्हतं. चिमटा निघाला तेव्हा पोरं जमिनीवर लोळली. एक म्हातारा उठून चादरीजवळ गेला आणि साहेबापुढे स्वतःचं नाक करून उभा राहिला. मग पोरिक आला, आणि हसणं थांबलं. वाईट वाटल्यासारखं नाही. सगळे नीट पाहायला लागले, पुढे वाकून. पोरिक चादरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेला. मामीनं डोळे बारीक केले.

"हे कोनाची बाई आनली व तुमी? वळखूच येऊन नाय राह्यली."

"पोरिक हाय मामी. बा करे तसा."

"तुहा बा कोनाची तरी करे. हे कोनाची हाय?"

मागून कोणीतरी म्हणालं, कोनाचीच नाय, टीवीतली हाय. सगळे हसले. थट्टा होती, रीतीप्रमाणे रागवायचं नव्हतं, पण मला ती लागली. तू दाखवलेलं मी पाठ केलं होतं खरं. पण मधल्या वर्षांत, कॅमेऱ्यासमोर, लोकांना विनोद कळावा म्हणून मी त्यात कंबर घातली होती, मान घातली होती. माझ्या ते ध्यानातही नव्हतं.

व्हिडिओ संपल्यावर मामीनं मला खाटेवर शेजारी बसवलं. "तुही आजी हितं बसे, या ओट्यावर. दंडारी आली का ते गुसाडीकडं नाय पाहे, ढोल नाय आयके. पोरिक कवा येते, तेच. तुहा बा आला का आमाले समजे, आमची नणंद कशी हाय ते." दिवाळीत मायला माहेरी यायला मिळत नसे, आपल्या गावातही पाहुण्यांची दंडारी येणार, त्यांचं रांधायला बाया लागत. म्हणून तिची चाल घेऊन तू जायचास. एका साली तू कमरेवर हात ठेवून, पाठ मागे टाकून नाचलास आणि आजीनं दुसऱ्या दिवशी गोधडी शिवायला घेतली. पोटात मी होते. आणि एका साली, मामी म्हणाली, तू आलास, "पाय होते, पन खाली पडून नोयते राह्यले." कोणी हसलं नाही. आजी नाच अर्धा सोडून घरात गेली, आणि दुसऱ्या दिवशी उजाडताच मामानं बैल जुंपले. माझ्यामागचा भाऊ बारशाआधीच गेला होता. निरोप कोणी धाडला नव्हता, आणि तू तोंडानं सांगू शकला नसतास. मामा येऊन राहिला होता ते मला आठवतं. त्याच्या बैलाच्या गळ्यात निळे मणी होते आणि मी ते मागत होते. तो का आला होता, ते मला यंदा कळलं. मी तिथेच रडले. मामीनं तिचा पदर माझ्यापुढे केला, त्याला तंबाखूचा वास होता.

घरी येऊन मायला विचारलं. ती अंगणात वॉकर पुढ्यात घेऊन खुर्चीवर बसली होती.

"मंग? तुले माईत नोयतं?" ती म्हणाली. "निंगायच्या आदल्या दिशी मले म्हने, हिरीवरून पानी आन. रांजन भरेल राहे, तरी. मी जाओ आन हा मांगून पाहे. मले समजे."

"तुले राग नाय ये?"

"ये ना. एका साली यानं माही शेळी मले न पुसता देऊन टाकली. मंग मी हिरीवर लंगडत गेलो. चांगला पाय वढत. हा तिकडं जाऊन तसाच नाचला. माह्या भावानं असा झाडला त्याले, का माह्या बहिनीले का केलं तू, बिचाऱ्याच्या घशाखाली भाकर नाय उतरली." माय इतकी हसली की तिला वॉकर धरावा लागला.

"बा ले समजलं नोयतं का, तू सोंग करून राह्यली ते?"

"न समजाले का झालं! समजूनच केलं त्यानं."

मग विचारलं, एवढं होतं तर सोडलं काऊन, त्या साहेबामुळं का? माय म्हणाली, "कोन्ता साहेब?" मी आठवण दिली: आदिलाबादचा कार्यक्रम, खऱ्या मुली. तिला कार्यक्रम आठवला, माझी तेव्हाची लाल परकर-चोळी आठवली, साहेब आठवेना. "माही माय मेली ना त्या साली," ती म्हणाली. "कोनाले दाखवाव मंग?"

माझ्या व्हिडिओचा अर्धा भाग त्या साहेबावर उभा आहे, बा. तो जे बोलला ते बोललाच, मी माझ्या कानांनी ऐकलं, तेव्हा त्याला मी सोडणार नाही. पण तू थांबलास ते पाहणारी म्हातारी गेली म्हणून. हे कळल्यावर मला बरं वाटायला हवं होतं आणि वाटलंही, पण थोडं वाईटही वाटलं. मला बंड केलेला बाप सापडला होता, त्याच्या जोरावर मी देशोदेशी फिरले होते, आणि तो हातचा गेला. त्याच्या जागी आता एक माणूस आहे, जो घरी ताट सरकवतो आणि विहिरीच्या वाटेवर बायकोच्या मागून तिची पावलं पाहत जातो. या माणसाबद्दल पांढऱ्या खोलीत काय बोलायचं, ते मला अजून सुचलेलं नाही.

निघताना मामी म्हणाली होती, "पुढच्या दिवाळीले आन परत. पन कोनाची ते ठरवून आन." म्हणून मी व्हिडिओ नव्यानं करते आहे. आणखी कोणाला तो पसंत पडो न पडो, त्या ओट्यासमोर तो ओळखू आला पाहिजे. पोरिकाचं सोपं होतं. मायला म्हटलं, जरा अंगणात फिरून दाखव. ती म्हणाली, मी का नाचनारीन हाय? मग आत जाऊन केस विंचरून आली, बरं लुगडं नेसून आली, आणि मला पाहिलंच नाही असं दाखवत दोन खेपा घातल्या. वॉकर आधी टेकतो, मग उजवा पाय, मग डावा ओढत येतो. वळताना मात्र अजून आधी खांदाच वळतो. चित्रणासाठी मी तिचा वॉकर मागितला तर म्हणाली, मंग मी का उडत जाऊ? शेवटी दुसरा मिळवला. आता हिरवं लुगडं नेसलेला पोरिक वॉकर ठोकत साहेबापुढे येतो, आणि तो पाहून मामीला कळेल की हाड जुळलं आहे, नणंद उठून बसते आहे आणि तिचा तोरा होता तसाच आहे.

अडलं आहे ते साहेबापाशी. तुझी रीत धरायची तर तोही नुसता साहेब असून चालणार नाही, तो आपल्या घरातला कोणीतरी पुरुष असायला हवा. आपल्या घरात पुरुष तू एकटाच. मला गंमत वाटली, की आज्याचं नाक मोजायला येणारा साहेब आपल्या बापाची चाल चालत येईल, आणि ते गाव तुला पुन्हा एकदा ओळखेल. हॅट घालून, मिश्या लावून मी अंगणात उभी राहिले आणि पहिलं पाऊल कुठलं टाकायचं ते मला कळेना. तुझे हात आठवतात, हळदीनं पिवळी नखं, पळीनं भाजलेला मनगटाजवळचा डाग. उकिडवं बसणं आठवतं, खोकणं आठवतं, सायकलवरची पाठ आठवते. मायला विचारलं तर म्हणाली, "तो चालेच कुठी? सायकलीवर राहे." तुझ्याबरोबर नाचणारा म्हातारा गुसाडी अजून आहे, त्यानं मोठ्या हौसेनं चालून दाखवलं, पण ती त्याची स्वतःची चाल होती.

दिवाळीला अजून अवकाश आहे. साहेबाला मी सध्या खुर्चीवर बसवून ठेवलं आहे; तो बसल्याबसल्याच चिमटा चालवतो. ज्यांनी अर्धं काम पाहिलं ते म्हणतात की हे फार छान केलंस, साहेब लोक खुर्ची सोडतच नाहीत, आणि मी हो म्हणते. खरं काय ते मायलाही सांगितलेलं नाही. तू बाई होऊन चाललास ते पाऊलन् पाऊल मला येतं. बाप म्हणून चालत होतास, ते मी कधी नीट पाहिलंच नाही.